क्रेनचं लायसन्स कुठे मिळतं?

या मालिकेत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आज घेतो. "सर, क्रेन ऑपरेटर व्हायचंय. लायसन्स कुठून काढू आणि खर्च किती येईल?" विचारणारे बहुतेक विशीतले आहेत. कुणी जतचा, कुणी निपाणीचा, कुणी बिदरकडच्या औरादचा, कुणी सुरतेत राहणारा जळगावकर. दोन-तीन जण निवृत्तीला आलेले जवान आहेत. आणि एक आई आहे. तिच्या मुलाला कुणीतरी 'ऑल इंडिया क्रेन लायसन्स' देतो म्हणून पैसे घेतले आणि प्लास्टिकचं एक कार्ड हातात ठेवलं.

त्या कार्डापासूनच सुरुवात करू. देशभर चालणारं, सगळ्या क्रेनना लागू होणारं 'क्रेन ऑपरेटर लायसन्स' असं एकच सरकारी कार्ड आपल्याकडे नाही. ते कार्ड विकणारा माणूस कागद विकतोय. प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि लोक त्या एकमेकांत मिसळतात. एक म्हणजे यंत्र रस्त्यावरून चालवण्याचा परवाना. दुसरी म्हणजे त्या यंत्राने वजन उचलण्याची पात्रता. पहिली आरटीओ देतं. दुसरी कोण देतं, हाच खरा घोळ आहे.

आधी पहिली. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १० मध्ये लायसन्सचे वर्ग दिलेत: गिअरची मोटारसायकल, हलकं वाहन, परिवहन वाहन, रोड रोलर, आणि शेवटी 'निर्दिष्ट वर्णनाचं मोटार वाहन'. क्रेनची जागा या शेवटच्या खणात. १९८९ च्या केंद्रीय नियमांमध्ये 'बांधकाम उपकरण वाहन' अशी व्याख्या आहे, आणि तिच्यात लोडर, ग्रेडर, डंपर, फोर्कलिफ्ट यांच्या पंगतीत मोबाइल क्रेनही बसवलेली आहे. नियम म्हणतो की अशा वाहनाचं मुख्य काम रस्त्याबाहेरचं असतं, रस्त्यावर येणं हे प्रसंगोपात, थोड्या वेळापुरतं आणि ताशी ५० किलोमीटरच्या आत. हे वाहन परिवहन वाहनात मोडत नाही. कारखान्याच्या आवारातच चालणारं, रस्त्यावर स्वतःच्या चाकांवर न येणारं यंत्र तर या व्याख्येच्याही बाहेर.

यातून व्यवहारात काय निघतं? कारचं लायसन्स पुरत नाही. हलक्या वाहनाची मर्यादा ७,५०० किलोची आहे आणि साधी चौदा टनी हायड्रासुद्धा रिकामी असताना त्याहून जड असते. कायद्याने क्रेनसाठी अठरा वर्षं वय पुरेल, पण बहुतेक कंपन्या अवजड वाहनाचं लायसन्स मागतात. त्यासाठी वयाची वीस वर्षं आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. म्हणून माझं सांगणं असं की अठरा पूर्ण झाल्या झाल्या हलक्या वाहनाचं लायसन्स काढून ठेवा. विसाव्या वर्षी नोकरी समोर दिसायला लागली की मग ते एक वर्ष वाट बघण्यात घालवावं लागतं. परिवहन लायसन्सला आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये गेली. तरी दहावी सोडू नका. त्याचं कारण पुढे येईल.

जवान मंडळींसाठी एक वाक्य: लष्करातलं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून नागरी लायसन्स घेण्याची सोय परिवहन खात्यात आहे. डिस्चार्जच्या आधीच कागद गोळा करा. युनिट सोडल्यावर एका सहीसाठी हेलपाटे पडतात.

आता बघा, आरटीओचा निरीक्षक काय तपासतो? तुम्ही वाहन पुढे-मागे नेता का, वळवता का, थांबवता का. हुकाला वजन अडकवून तो तुम्हाला काही विचारत नाही. त्याचं ते कामही नाही. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात एकही टन उचललेला नाही, त्याच्या खिशात क्रेनचा शेरा असलेलं लायसन्स असू शकतं, आणि ते अगदी कायदेशीर असतं.

उचलण्याची बाजू कामगार कायद्यांत आहे. कारखाना कायदा १९४८ च्या कलम २९ प्रमाणे उचलण्याचं यंत्र, साखळ्या, दोर यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी व्हावी लागते, सुरक्षित भाराचा आकडा यंत्रावर असावा लागतो आणि त्यापुढे भार टाकता येत नाही. वरून धावणाऱ्या क्रेनच्या रुळांजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येता कामा नये. इथे म्हैसूरच्या हेब्बाळ, हूटगळ्ळी, कूर्गळ्ळी भागांतल्या शेडमध्ये अशा क्रेन आहेत. हातात लोंबणारं बटणांचं पेंडंट असतं, ते धरून कुणीही हुक खालीवर करतो. क्रेन म्हणजे फक्त रस्त्यावरची पिवळी गाडी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

बांधकामाच्या जागेसाठी १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा आणि त्याखालचे १९९८ चे केंद्रीय नियम. त्यांत ऑपरेटरची अट आहे. उचलण्याचं यंत्र चालवणारा किंवा त्याला इशारे देणारा माणूस अठरा वर्षांवरचा असावा, पूर्णपणे सक्षम आणि भरवशाचा असावा, त्याला कामातल्या धोक्यांची जाण असावी आणि त्याची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी झालेली असावी. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत, पण मुद्दा तोच राहतो. 'पूर्णपणे सक्षम' हे ठरवायचं कुणी? मालकाने. मालकाला काम उद्या सकाळी संपवायचं असतं. मग सहा महिने क्लीनर म्हणून शेजारी बसलेला पोरगा, नेहमीचा ऑपरेटर गावी गेला म्हणून सीटवर बसतो आणि त्या दिवसापासून 'सक्षम' होतो. मी पाहिलेले निम्म्याहून अधिक हायड्रावाले असेच तयार झालेत. त्यांतले काही उत्तम आहेत. पण ते उत्तम आहेत हे त्यांनी स्वतःलाच सांगितलंय, दुसऱ्या कुणी तपासलेलं नाही.

याची किंमत काय असते ते महाराष्ट्राने पाहिलंय. ३१ जुलै २०२३ ची रात्र उलटून १ ऑगस्ट उजाडण्याआधी, शहापूर तालुक्यात सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं लाँचर खाली आलं. वीस माणसं गेली. बरोबर तीन वर्षं आधी, १ ऑगस्ट २०२० ला विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये नव्या क्रेनची भारचाचणी चालू असताना क्रेन कोसळली आणि अकरा जण गेले. या दोन घटनांचा दोष ऑपरेटरवर टाकायला मी त्या सांगत नाही. उलट बाजूच सांगायची आहे. उचलण्याचं काम फसतं तेव्हा सीटवरचा माणूस एकटा जात नाही. खाली उभे असलेले, दोर धरणारे, नट आवळणारे, ज्यांचा त्या निर्णयाशी काही संबंध नाही असे लोक जातात. म्हणून हा धंदा ट्रक चालवण्यासारखा समजू नका.

दुसरीकडे काय करतात? जपानमध्ये पाच टन आणि त्यावरच्या मोबाइल क्रेनसाठी राष्ट्रीय परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. एक ते पाच टनांमधल्या छोट्या क्रेनसाठीसुद्धा ठरवून दिलेलं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. सिंगापूरमध्ये ऑपरेटरची नोंदणी मनुष्यबळ मंत्रालयाकडे होते, आणि २०११ च्या त्यांच्या नियमांनी उचलण्याचा पर्यवेक्षक, रिगर आणि सिग्नलमन यांनाही प्रशिक्षणाची अट घातली आहे. अमेरिकेत बांधकामावरच्या क्रेन ऑपरेटरला प्रमाणपत्राची सक्ती नोव्हेंबर २०१८ पासून प्रत्यक्षात आली, आणि वर मालकाने त्याच यंत्रावर, त्याच कामासाठी त्याला पुन्हा तपासायचं. ही शेवटची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. सैन्यात आम्ही हेच करायचो. सॅपर्समध्ये डोझर, क्रेन अशा यंत्रांसाठी ऑपरेटरचा वेगळा ट्रेड असतो, त्याच्या पायरीपायरीने चाचण्या असतात. पण नव्या युनिटमध्ये आलेला ऑपरेटर कितीही वरच्या वर्गाचा असो, तिथल्या यंत्रावर हात दाखवल्याशिवाय त्याच्या ताब्यात किल्ली जात नसे.

मग आपल्याकडे काय उपलब्ध आहे? पायाभूत सुविधांच्या यंत्रांसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल नावाची संस्था आहे, मुख्यालय बंगळुरूला. यंत्र बनवणाऱ्या उद्योगाने ती उभी केली आहे. बॅकहो, एक्स्कव्हेटर, क्रेन अशा यंत्रांच्या ऑपरेटरला काय काय आलं पाहिजे याची मानकं तिने ठरवलेली आहेत, आणि त्यावर परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळतं. हे लायसन्स नाही, पण मोठ्या कंपनीत दार उघडणारा कागद आहे. ज्यांनी दहा वर्षं हायड्रा चालवली पण हातात काही नाही, त्यांच्यासाठी पूर्वअनुभवाला मान्यता देण्याची पद्धत आहे. पहिल्यापासून वर्ग भरावे लागत नाहीत. उजळणी आणि परीक्षा. त्यांनी ती जरूर द्यावी. याशिवाय एल अँड टी कंपनीच्या बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांतली एक पनवेलला. हैदराबादला नॅशनल अकॅडमी ऑफ कन्स्ट्रक्शन आहे. तिथे सध्या कोणते अभ्यासक्रम चालू आहेत ते प्रवेशाआधी विचारून घ्या. सीमा सडक संघटनेत 'ऑपरेटर एक्स्कव्हेटिंग मशिनरी' या पदाची भरती निघते. ग्रेफचं केंद्र पुण्यात दिघीला आहे. मराठी मुलांना ते घरापासून जवळ आहे आणि तरी आपली मुलं तिकडे कमी दिसतात.

खासगी क्लास गल्लोगल्ली आहेत. कुठे पैसे भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा. माझ्या वाट्याला यंत्राच्या सीटवर किती तास येतील? एका यंत्रामागे किती विद्यार्थी? आणि प्रमाणपत्र देणारी संस्था राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीव्हीईटीची, मान्यता असलेली आहे का? पहिल्या प्रश्नाला "बघू, हवं तेवढं" असं उत्तर आलं तर चपला घाला. आणि एक चौथा, माझा आवडता: भारतक्ता शिकवता का? शिकवणाऱ्यालाच तो वाचता येत नसेल तर त्याचा चेहरा सांगतो.

भारतक्ता म्हणजे लोड चार्ट. या धंद्याचा पंचांग म्हणा. मराठीत क्रेनला 'यारी' असा शब्द आहे, साइटवर तो कुणी वापरत नाही, पण त्या यारीशी यारी करायची तर तिचा तक्ता पाठ नव्हे, वाचता आला पाहिजे. लोक म्हणतात "चौदा टनाची क्रेन आहे, दहा टन आरामात उचलेल." चौदा टन हा आकडा फक्त बूम आखूड आणि वजन क्रेनच्या अगदी जवळ असताना खरा. वजन जसं लांब जाईल तसा आकडा कोसळतो. विहिरीवर रहाट ओढताना भरलेली घागर अंगाशी धरणं आणि हात लांब करून धरणं यांत जो फरक, तोच. आणि गणित सरळही नसतं. तीन मीटरवर दहा टन असेल तर सहा मीटरवर पाच टन असेल असं वाटतं. असतं त्याहून कमी. कारण वजनाबरोबर बूमचं स्वतःचं वजनही बाहेर गेलेलं असतं.

एक उदाहरण करून पाहू. आकडे समजून घेण्यापुरते आहेत. कॉम्प्रेसर ३.२ टन. एवढंच धरलं तर चुकलात. हुक ब्लॉक ०.२५ टन, स्लिंग आणि शॅकल मिळून ०.१५ टन. तक्त्यात वेगळं लिहिलं नसेल तर हे सगळं भारातच मोजायचं. झाले ३.६ टन. आता तक्ता सांगतो, सहा मीटरवर ४.१ टन, सात मीटरवर ३.३ टन. सहा मीटरवर काम बसतं. सात मीटरवर बसत नाही. पण कॉम्प्रेसर उचलायचा सहावर आणि ठेवायचा भिंतीपलीकडे सातवर, असं असेल तर? तर ते काम त्या जागेवरून होत नाही. क्रेन हलवा किंवा मोठी आणा. नवे ऑपरेटर उचलण्याची त्रिज्या मोजतात, ठेवण्याची मोजत नाहीत. आणि त्रिज्या नेमकी कुठून मोजायची हेही तक्त्यातच लिहिलेलं असतं. फिरत्या क्रेनला फिरण्याच्या मध्यापासून, हायड्राला पुढच्या भागापासून, आणि ते यंत्रागणिक बदलतं.

इथे एक गैरसमज फार जीवघेणा आहे. अनुभवी लोकसुद्धा म्हणतात, "तक्ता कंपनीने हातचं राखून बनवलेला असतो. मागची चाकं उचलायला लागली की कळतं, मग सोडून द्यायचं." हे लांबच्या त्रिज्येवर अर्धसत्य आहे, कारण तिथली मर्यादा उलटण्याची असते. जवळच्या त्रिज्येवर मर्यादा उलटण्याची नसतेच. ती बूमच्या, पिनच्या, दोराच्या ताकदीची असते. तिथे चाकं उचलत नाहीत, इशारा मिळत नाही, धातू एकदम वाकतो किंवा तुटतो. तक्त्यातला कोणता आकडा कशामुळे आहे हे बऱ्याच तक्त्यांत जाड रेघेने वेगळं केलेलं असतं. क्लासमध्ये ती रेघ कुणी दाखवली नाही तर पैसे परत मागा. आणि केबिनमध्ये भार दाखवणारं यंत्र असतं, मर्यादेजवळ ते ओरडतं. त्याची बायपासची किल्ली बऱ्याच साइटवर कायमची लावून ठेवलेली मी पाहिलीय. आवाजाचा त्रास होतो म्हणे.

आता जमीन. आउटरिगर पूर्ण बाहेर काढायचे हे सगळ्यांना माहीत असतं, त्याखाली काय आहे हे कुणी बघत नाही. समजा एका पायावर २० टन येताहेत आणि त्याची थाळी अर्धा मीटर बाय अर्धा मीटर आहे. म्हणजे पाव चौरस मीटर. एका चौरस मीटरला ८० टनांचा दाब झाला. मऊ जमीन १० टन सोसत असेल तर तुम्हाला दोन चौरस मीटर पसारा हवा, म्हणजे साधारण दीड मीटर बाय दीड मीटरची भक्कम फळी किंवा पोलादी प्लेट. विटांचे तुकडे आणि प्लायवूड नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी काळ्या मातीचं विशेष ध्यान ठेवावं. उन्हाळ्यात ती दगडासारखी वाटते, एका पावसात लोणी होते. इथल्या तांबड्या मातीत तो ताप कमी, पण भरावाची जमीन, नुकता बुजवलेला खड्डा, खालून गेलेली ड्रेनेजची लाइन, हे सगळीकडे सारखंच.

स्लिंगचा कोन हा तिसरा विषय, आणि खरं तर तो रिगरचा, पण ऑपरेटरला येत नसेल तर तो रिगरच्या भरवशावर मरतो. दोन टनांचं वजन दोन पायांच्या स्लिंगने उचललं. प्रत्येक पायावर एक टन, असं वाटतं. पाय जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे १.१५ टन येतात. ४५ अंशांत सुमारे १.४. ३० अंशांत पूर्ण दोन टन! वजन तेच, फक्त स्लिंग आखूड घेतली. ३० अंशांच्या खाली तर जाऊच नका.

इशारे. म्हैसूर-बंगळुरू पट्ट्यातल्या साइटवर एका वेळी कन्नड, तमिळ, हिंदी, बंगाली आणि थोडी मराठी चालते. कन्नडमध्ये वर म्हणजे 'मेले', खाली म्हणजे 'केळगे'. नवा मराठी पोरगा खालून येणारी 'मेले, मेले' ही आरोळी ऐकतो तेव्हा त्याच्या मनात काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हातांचे ठरलेले इशारे. तर्जनी वर करून हात गोल फिरवला की वर घे, तर्जनी खाली करून फिरवला की खाली सोड, अंगठा वर म्हणजे बूम वर. इशारा देणारा एकच माणूस, आणि ऑपरेटरने फक्त त्याचंच ऐकायचं. अपवाद एक: 'थांब' हा इशारा कुणीही देवो, झाडूवाल्याने दिला तरी थांबायचं. सिग्नलमन दिसेनासा झाला तरी थांबायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये होस्पेटच्या तुंगभद्रा धरणाचा एकोणिसावा दरवाजा वाहून गेला, तेव्हा वाहत्या पाण्यात स्टॉप-लॉगचे अवजड तुकडे क्रेनने खाली सोडून तो ओघ अडवला गेला. त्या कामाचं कौतुक अभियंत्यांना मिळालं आणि ते योग्यच आहे. पण पाण्याच्या जोरात हेलकावणारं वजन खाचेत उतरवताना क्रेनच्या लिव्हरवरचा हात आणि समोरचा इशारा यांचं नातं किती घट्ट असलं पाहिजे, याचा विचार करा.

वारा आणि तारा, या दोन गोष्टी थोडक्यात. बऱ्याच मोबाइल क्रेनची वाऱ्याची मर्यादा सेकंदाला दहा मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असते. नेमका आकडा पुस्तिकेत बघा. पत्र्याची मोठी शीट उचलायची तर त्याच्याही आधी थांबा, ती शिडासारखी वागते. ११ सप्टेंबर २०१५ ला मक्केत वादळी वाऱ्यात प्रचंड क्रॉलर क्रेन मशिदीवर कोसळली, शंभराहून अधिक यात्रेकरू गेले. ती क्रेन तेव्हा काही उचलत नव्हती, नुसती उभी होती. विजेच्या तारांबाबत, अमेरिकी नियम ५० हजार व्होल्टपर्यंत दहा फूट अंतर मागतो. आपण त्याहून कमी धरायचं काही कारण नाही. बूम तारेला लागलीच तर केबिनमध्ये बसून राहा. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर यंत्र आणि जमीन दोन्हींना एकदम स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जोडून उडी मारा आणि पाय न उचलता घासत दूर जा.

हायड्राबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण तुमच्यापैकी बहुतेकांची सुरुवात तिच्यावरच होणार. हायड्रा हे मुळात एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचं नाव, आता कोणत्याही उचलून चालणाऱ्या क्रेनला लोक तेच म्हणतात. तिला आउटरिगर नसतात, ती वजन घेऊन चालते, आणि मधून मुडपून वळते. वजन हुकाला असताना वळलात की गुरुत्वमध्य बाजूला सरकतो आणि क्षमता घटते. त्यात उतार किंवा खड्डा आला की संपलं. वजन जमिनीलगत ठेवा, चालीच्या वेगाने जा, वजनाला दोर बांधून तो धरणारा माणूस बाजूने चालू द्या, यंत्र आणि वजन यांच्या मधून नाही. जुन्या धाटणीच्या हायड्रामध्ये ऑपरेटरला बूम आणि वजनामुळे समोरचं नीट दिसत नाही. वजन धरून पुढे चालणारा हेल्पर त्याच यंत्राखाली येतो. अनेक मोठ्या प्रकल्पांनी अशा हायड्राला फाटकाबाहेर ठेवलंय ते याच कारणाने. गावाकडच्या, छोट्या ठेकेदाराच्या कामांवर मात्र ती बिनधास्त चालते.

माझा सल्ला विचाराल तर थेट सीटवर बसायची घाई करू नका. आधी एक वर्ष रिगरच्या हाताखाली काढा. स्लिंग बांधणं, वजनाचा मध्य ओळखणं, इशारे देणं शिका. पगार कमी मिळेल. पण खालून क्रेन कशी दिसते हे ज्याने पाहिलंय तो सीटवरून वेगळा वागतो. डोळे तपासून घ्या, अंतराचा अंदाज आणि रंग दोन्ही. फिट्स, चक्कर, न आटोक्यातला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर लपवू नका. आणि झोप. रात्रपाळीला दिवसाचं काम जोडून चोवीस तास सीटवर बसणाऱ्याला लोक मेहनती म्हणतात. आम्ही त्याला ताफ्यातून उतरवलं असतं.

आखाताबद्दल. तिथल्या मोठ्या प्रकल्पांवर तुमचं भारतीय प्रमाणपत्र बघून थेट सीट देत नाहीत, त्रयस्थ संस्थेची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा घेतात. लेखीत भारतक्ता असतोच, इंग्रजीत. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरीची अट लागते, म्हणून मघाशी म्हणालो दहावी सोडू नका. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का ते आधी बघा. त्याला घेता येणाऱ्या सेवाशुल्काला कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढी मर्यादा आहे. दीड-दोन लाख मागणाऱ्याला हा आकडा सांगून बघा.

शेवटचा मुद्दा नाही म्हणण्याचा, कारण अपघात झाला की तक्रारीत ऑपरेटरचं नाव फार लवकर येतं. हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत आहे. "साहेबांनी सांगितलं म्हणून उचललं" हे तुम्ही कोर्टात सांगाल, पण साहेब ते सांगणार नाही. म्हणून स्वतःची एक वही ठेवा. यंत्राची लॉगबुक मालकाची असते, ही तुमची. तारीख, वेळ, यंत्राचा नंबर, काय उचललं, किती वजन, किती त्रिज्या, तक्त्यातला आकडा, इशारे कुणी दिले. काम नाकारलं तर नाकारल्याचं कारण, आणि त्याच वेळी सुपरवायझरला फोनवर एक लेखी संदेश: "सात मीटरवर तक्त्यात ३.३ टन आहे, वजन ३.६ आहे, क्रेन पुढे घ्यावी लागेल." वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त आकडा पाठवायचा. मला भेटलेल्या एका मिरजेकडच्या ऑपरेटरने असा संदेश पाठवल्यावर त्याला तासभर शिव्या पडल्या, आणि दुपारी मोठी क्रेन आली.

पुढच्या भागात रिगिंग घेऊ. शॅकलची पिन कशी लावायची आणि वायर रोप कधी फेकून द्यायचा, यावरच पूर्ण भाग जाईल. ज्या आईच्या मुलाला ते प्लास्टिकचं कार्ड मिळालंय, त्यांनी पैसे दिल्याची पावती किंवा फोनवरचा व्यवहार जपून ठेवावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. मुलाला त्याआधी आरटीओत हलक्या वाहनाच्या शिकाऊ लायसन्ससाठी पाठवा.